रोपकक्षातील आर्द्रता-नियमन

घरातली एखादी खोली दिवे, मांडण्या आणि पंखे बसवून रोपांसाठी वापरात आणल्यावर तिच्या हवेतले बाष्प रोपांना मानवेल इतके राखण्याची पद्धत. कॅलेथिया, अँथुरियम, नेचे यांसारखी वर्षावनांतली रोपे ६० ते ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेत उत्तम वाढतात. निवडुंगांना कोरडी हवा मानवते. दोहोंना एकाच खोलीत ठेवणे टाळावे.

पूर्वपीठिका : लंडनचे वैद्य नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास झाकणबंद काचेच्या बरणीतल्या ओल्या मातीत नेचा आपोआप उगवलेला दिसला. त्यावरून त्यांनी केलेल्या काचपेट्यांतून पुढे जिवंत रोपे महिनोन्‌महिने समुद्रप्रवास करू लागली. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपे भारतात आणली, तीही अशाच पेट्यांतून.

तत्त्व : सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेले बाष्प, टक्क्यांत. त्यामुळे तापमान न पाहता नुसता टक्का पाहणे फसवे ठरते. दिवसा दिव्यांखाली २८° से. तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेली बंद खोली रात्री दिवे मालवल्यावर २१° से.वर आली, तर पाण्याचा एक थेंबही न वाढता आर्द्रता शंभराच्या उंबरठ्यावर पोहोचते. पानांवर आणि खिडकीच्या काचेवर दव धरते, आणि बुरशीला तेवढे पुरते. उलटपक्षी हवा फार कोरडी झाली की बाष्पोच्छ्वास वाढतो, रंध्रे मिटतात, पानांच्या कडा करपतात आणि लाल कोळी फोफावतो.

मापन : आर्द्रतामापक पानांच्या उंचीवर, दिव्याच्या झोतापासून आणि फवाऱ्यापासून दूर टांगावा. तो तपासण्यासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम ओले करावे (विरघळू देऊ नये) आणि मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. नेहमीच्या तापमानाला आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा.

उपाय : पानांवर पाणी फवारल्याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो. रोपे एकत्र ठेवणे किंवा आर्द्रक यंत्र लावणे अधिक भरवशाचे. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या यंत्रात क्षारयुक्त पाणी घातल्यास पानांवर पांढरी भुकटी बसते. त्यात गाळलेले नव्हे, क्षार काढलेले पाणी वापरावे. संथ फिरणारा पंखा रात्रीही चालू असावा, कारण खेळत्या हवेत पाने लवकर सुकतात. भिंतींना ओल येऊ नये म्हणून मांडण्या त्यांच्यापासून थोड्या दूर ठेवाव्यात आणि विजेची जोडणी पाण्याच्या वर घ्यावी.

महाराष्ट्रात ऋतूनुसार पद्धत बदलावी लागते. कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असल्याने नुसती खिडकी उघडून भागत नाही. ओल शोषणारे यंत्र किंवा वातानुकूलक लागतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र ओल्या जाळ्यांचा कूलर तापमान उतरवतो आणि आर्द्रताही वाढवतो. हवा बाहेर पडायला वाट ठेवली पाहिजे.

आर्द्रता वाढवल्यावर कुंडीतली माती सावकाश वाळते, म्हणून पाणी कमी करावे. नाहीतर मुळे कुजतात. रोप दिवाणखान्यात हलवायचे असल्यास त्याआधी दोन-तीन आठवडे आर्द्रता टप्प्याटप्प्याने उतरवावी, म्हणजे नवी पाने कोरड्या हवेला सरावतात.