कोवळी पानगळ : मृत्यूची बातमी आणि मृत्यूची मोजणी

वृत्तपत्राच्या लेखी मृत्यू ही घटना असते, तर संशोधकाच्या लेखी ते एक प्रमाण असते. घटनेला गाव असते, तारीख असते, रडणारी आई असते. प्रमाणाला अंश आणि छेद असतात : किती जन्मांमागे किती मृत्यू. या दोन दृष्टी एरवी एकमेकींकडे पाठ करून उभ्या असतात. मराठीत त्यांची गाठ कशी पडली, हे पाहावयाचे तर गडचिरोलीच्या जंगलातील एका संशोधनाचा आणि त्यातून निघालेल्या एका अहवालाचा इतिहास तपासावा लागतो.

प्रथम त्याआधीची परिस्थिती पाहू. १९९२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे आदिवासी बालके दगावली आणि त्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. पुढच्याच वर्षी मेळघाटातील बालमृत्यू गाजू लागले व तो प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. या बातम्या देणाऱ्या वार्ताहरांचे ऋण मान्यच केले पाहिजे, कारण त्यांच्यावाचून शासन हलले नसते. तथापि या वार्तांकनाची एक चाकोरी लवकरच ठरून गेली. पावसाळा आला की बातम्या येत, मंत्र्यांचे दौरे होत, विधिमंडळात गदारोळ होई आणि थंडी पडेपर्यंत सारे शांत होई. 'कुपोषणबळी' हा शब्द याच काळात वृत्तपत्रांत रुळला. या शब्दात करुणा आहे आणि आरोपही आहे. परंतु तो उच्चारला की मूल नेमके कशाने गेले, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

या चाकोरीची मर्यादा साध्या अंकगणितानेही दाखवता येते. समजा, एखाद्या गावाची वस्ती हजार आहे आणि तेथे वर्षाला पंचवीस मुले जन्मतात. बालमृत्यूदर हजार जन्मांमागे साठ धरला, तर त्या गावात वर्षाकाठी एक किंवा दोन अर्भके जातील. साठ हा दर भयंकर आहे. पण गावात एक मूल जाणे ही तेथील कोणालाच अघटित वाटणारी गोष्ट नव्हे. वार्ताहर तेथे जाणार नाही, कारण त्याच्या व्यवसायाच्या व्याख्येनुसार तेथे काही घडलेलेच नसते. एकाच पाड्यावर महिन्याभरात दहा मुले गेली तर ती बातमी होते. हजार गावांत दीड हजार गेली तर होत नाही. ही उणीव एखाद्या पत्रकाराच्या संवेदनेची म्हणता येणार नाही. डोळ्यांना दिसत नाही ते पाहण्याचे साधन त्याच्या हाती नव्हते, इतकेच.

ते साधन गडचिरोलीत घडत होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा तेव्हा नवा होता. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे 'सर्च' ही संस्था स्थापन केली. त्यांचे पहिले मोठे संशोधन जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी दाखवले, की ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आहेत आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के आहेत.

'९२ टक्के' हा आकडा मथळ्यासाठी जणू तयारच होता. पण तो वाचताना विचारावयाचे प्रश्न त्या निबंधातच दडलेले आहेत. कोणाचे ९२ टक्के? दोन गावांतील तपासलेल्या स्त्रियांचे; साऱ्या भारतातील स्त्रियांचे नव्हेत. रोग कोणते? सौम्य आणि गंभीर अशा दोन्ही प्रकारचे. यांपैकी किती जणींची स्वतःची तक्रार होती? ५५ टक्के. म्हणजे उरलेल्या अनेकींना दुखण्याची जाणीव नव्हती, किंवा ते दुखणे सांगण्याजोगे वाटत नव्हते. खरी बातमी या दोन आकड्यांमधल्या अंतरात होती. संशोधन वाचण्याचे पत्रकारासाठीचे पहिले सूत्र येथे सापडते : आकड्याआधी छेद वाचावा.

दुसरे संशोधन नवजात अर्भकांचे. हजार गावांत विखुरलेले मृत्यू दिसावेत म्हणून आधी ते मोजावे लागतात आणि मोजणीसाठी दारोदार जावे लागते. सर्चने गावोगावी जन्म-मृत्यूची नोंद ठेवण्याची व घरोघर फिरून तिचा पुन्हा पडताळा घेण्याची पद्धत बसवली. मूल गेल्यावर घरच्यांशी बोलून मृत्यूचे कारण ठरवले जाई. यातून हे स्पष्ट झाले, की अर्भकमृत्यूंचा मोठा हिस्सा जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच घडतो. कमी वजन, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताच श्वास कोंडणे, जंतुसंसर्ग ही त्याची कारणे. मग ३९ गावांतील स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देऊन घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग झाला. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निबंधानुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला.

'कुपोषणबळी' या शब्दाला हे संशोधन खोटे ठरवत नाही. कुपोषित आईच्या पोटी कमी वजनाचे मूल येते आणि कुपोषित मुलाला न्यूमोनिया झाला तर तो अधिक सहज नेतो. मात्र भूक आणि मृत्यू यांच्यामधल्या पायऱ्या हे संशोधन दाखवून देते. त्यांपैकी कोणत्या पायरीवर गावातली स्त्री मुलाला थोपवून धरू शकते, हेही त्यातून कळते. नुसत्या एका शब्दाच्या बातमीत ही पायरी कोठेच नसते.

परंतु इंग्रजी नियतकालिकातला निबंध मराठी वृत्तपत्राच्या टेबलापर्यंत आपोआप येत नाही. तो आणण्याचे काम २००१ मधील अहवालाने केले. राज्याच्या वेगवेगळ्या भागांतील तेरा स्वयंसेवी संस्थांनी सर्चच्या पुढाकाराने १९९८ ते २००० या काळात ग्रामीण, आदिवासी आणि शहरी झोपडवस्त्यांत जन्म व बालमृत्यू मोजले. त्यावरून महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा अंदाज निघाला. शासकीय नोंदींत यांतले फार थोडे दिसत होते. या अहवालाचे नाव होते 'कोवळी पानगळ'.

साहित्याच्या अभ्यासकांनी या नावापाशी थोडे थांबावे. पानगळ हा ऋतुचक्राचा भाग असतो. जून, पिकले पान गळते याचे कोणी दुःख करीत नाही. 'कोवळी' या एका विशेषणाने तो सारा नैसर्गिकपणा मोडला जातो. पुन्हा पानगळ एका पानाची नसते, ती रानाची असते. एक मूल म्हणजे घटना आणि लाखो मुले म्हणजे प्रमाण, या दोहोंना हे रूपक एका दृश्यात सामावून घेते. संख्याशास्त्राला जे कोष्टकात मांडावे लागले, ते येथे दोन मराठी शब्दांत बसले. वार्ताहराला मथळा मिळाला आणि त्या मथळ्याच्या मागे मोजणी होती. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमध्ये डिसेंबर २००२ मध्ये हेच संशोधन इंग्रजीत विद्वत्तेच्या शिस्तीने आले. पण चर्चेत राहिले ते मराठी नाव. पुढे शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि २००४ व २००५ मध्ये तिचे अहवाल आले. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली.

रूपकाचा धोकाही आहे. नाव जितक्या वेगाने पसरते तितक्या वेगाने त्यामागची पद्धत पसरत नाही. 'कोवळी पानगळ' असा मथळा द्यायचा आणि खाली पुन्हा एका पाड्यावरची एकच घटना मांडायची, तर त्या नावाचा केवळ अलंकार उरतो.

हाच धडा चंद्रपूरने वेगळ्या विषयात दिला. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ पासून आली आणि २०२१ मध्ये उठली. मधल्या काळात किती गुन्हे नोंदले, किती रुपयांची दारू जप्त झाली, हे आकडे बातम्यांत येत राहिले. बंदीच्या बाजूचेही आणि विरुद्ध बाजूचेही तेच आकडे पुढे करीत. वस्तुतः जप्तीचा आकडा पोलिसांची हालचाल मोजतो; पिणाऱ्यांची संख्या मोजत नाही. ती जाणून घ्यावयाची तर बंदीपूर्वी आणि बंदीनंतर, त्याच पद्धतीने, घरोघर विचारावे लागते. पत्रकाराने सर्वेक्षण करावे अशी अपेक्षा नाही. समोरचा आकडा नेमके काय मोजतो, एवढे त्याने विचारले तरी अर्धा वाद निवळतो.

आज राज्याचे चित्र पुष्कळ बदलले आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार महाराष्ट्राचा बालमृत्यूदर २००० साली ४८ होता, तो २०२० मध्ये १६ वर आला. ही घट मोठी आहे आणि तिची बातमी व्हायलाच हवी. पण ही पद्धत जिल्ह्यांचे दर देत नाही. १६ या सरासरीत पुणे आहे, मुंबई आहे आणि भामरागड, एटापल्ली, जिवतीही आहेत. सरासरी सुधारली की दुर्गम तालुके अधिकच अदृश्य होतात. अशा वेळी गडचिरोलीतल्या वार्ताहरासमोर पुन्हा दोनच वाटा उरतात : एखादी हृदयद्रावक घटना, किंवा राज्याचा आश्वासक आकडा. या दोन्हींच्या मधली वाट दारोदार मोजणाऱ्यांनी दाखवली आहे. तिच्यावरून चालण्यासाठी बातमीदाराला पदवी लागत नाही. आरोग्य केंद्राच्या वहीत मृत्यूंच्या रकान्याशेजारी जन्मांचाही रकाना असतो. तो उघडून पाहावा, आणि वहीत न आलेले मूल कोणत्या घरात होते ते विचारत फिरावे.