पीसी चिपसेटचा एम्बेडेड संगणकांतील वापर

वैयक्तिक संगणकासाठी (पीसी) प्रचलित झालेल्या साहाय्यक चिप वापरून एखाद्या यंत्रातील नियंत्रक संगणक बांधणे, यास पीसी चिपसेटचा एम्बेडेड वापर म्हणतात. असा संगणक एकच ठरावीक काम करतो; त्याला पडदा वा कळफलक असेलच असे नाही.

पार्श्वभूमी

१९८१ मधील आयबीएम पीसीत इंटेल ८०८८ प्रोसेसरच्या जोडीला ८२५९ए (इंटरप्ट नियंत्रक), ८२५३ (टायमर), ८२३७ए (डीएमए नियंत्रक) आणि ८२५५ए (इनपुट-आउटपुट) या चिप होत्या. पीसीच्या मोठ्या खपामुळे त्या स्वस्त झाल्या व त्यांची कार्यपद्धती सर्वपरिचित झाली. पुढे चिप्स अँड टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या ८२सी२०६ मध्ये दोन डीएमए नियंत्रक, दोन इंटरप्ट नियंत्रक, टायमर व घड्याळ एकत्र आले. १९९४ मधील इंटेल ३८६ईएक्स या एम्बेडेड प्रोसेसरमध्ये असे घटक प्रोसेसरसह एकाच चिपवर होते.

पीसी/१०४

१९९२ मध्ये निश्चित झालेल्या पीसी/१०४ मानकात पीसीच्या आयसा बसचेच संकेत वापरले जातात. मात्र कार्ड केवळ ९० × ९६ मिलिमीटर असून ती एकावर एक रचली जातात.

महाराष्ट्रातील उदाहरण

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमध्ये प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्या फिरवणाऱ्या सर्वो यंत्रणेतील स्थानिक संगणक प्रारंभी ८०८६ प्रोसेसरवर आधारलेला होता. पुढे त्यासाठी पीसी/१०४ कार्डांचा अवलंब करण्यात आला.

मर्यादा

पीसीचे चिपसेट काही वर्षांतच बाजारातून जातात. यंत्रे मात्र अनेक दशके चालवावी लागतात. २००२ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेला अंतराळयानाच्या बूस्टर रॉकेटांच्या चाचणी उपकरणांसाठी जुन्या ८०८६ चिप शोधाव्या लागल्या होत्या. पीसीत चिपसेटची प्राथमिक जुळणी बायॉस हा प्रोग्राम करतो. स्वतंत्र रचनेत ते काम अभियंत्यालाच करावे लागते आणि त्यासाठी चिपची संपूर्ण तांत्रिक माहिती आवश्यक असते. म्हणून दीर्घकाळ पुरवठ्याची हमी असलेले घटक निवडणे किंवा संगणकाचा भाग बदलता येण्याजोग्या वेगळ्या कार्डावर ठेवणे, हे उपाय योजले जातात.