खोलीपेक्षा कमी जागा



आपल्या गटांमधल्या कितीतरी जणींच्या मुली आज पुण्या-मुंबईत शिकायला नाहीतर नोकरीला आहेत. त्या राहतात कुठे? पीजीमध्ये, खासगी होस्टेलवर, नाहीतर ‘कॉट बेसिस’वर. म्हणजे एका खोलीत चार कॉट आणि एका कपाटाचे चार कप्पे. भाडं मोजायचं ते आपल्या कॉटचं. घरमालकीण म्हणाली, “उद्या जागा खाली कर,” की बॅग भरायची. डिपॉझिट परत मिळेल की नाही, तेही तिच्याच मर्जीवर. भाडेकरूला सहजासहजी काढता येत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मग या मुलींना ते संरक्षण का नाही? याचं उत्तर शंभर वर्षांच्या इतिहासात आहे. आज आपण तोच समजून घेऊ.

मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, तशी कोकणातून आणि घाटावरून माणसं कामाला आली. घरदार गावी आणि माणूस मुंबईत. एका गावच्या लोकांनी मिळून चाळीत एक खोली घ्यायची, तिला गावकीची खोली म्हणत. कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला, त्यामुळे एकाच जागेवर आलटून पालटून झोपायचं. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. गोव्याच्या लोकांचे धोबीतलावाकडचे कूड हीसुद्धा तशीच गावागावांची सोय होती. शिवाय खानावळी होत्या. चाळीतली एखादी बाई आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीस जणांना जेवू घालायची, काहींना झोपायलाही जागा द्यायची.

आता यात भाडेकरू कोण? ज्याचं नाव भाडेपावतीवर, तो. बाकीची माणसं पैसे देत होती, पण पावतीवर नव्हती. आणि खानावळवाली बाई? पावती बहुतेक वेळा तिच्या नवऱ्याच्या नावावर असायची.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत भाडी भडकली, तेव्हा 1918 साली भाडं रोखणारा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 साली, मोठा कायदा झाला. त्याच्या नावातच भाड्याबरोबर हॉटेल आणि लॉजिंगच्या दरांचं नियंत्रणही होतं. भाडं साधारणपणे 1 सप्टेंबर 1940 ला होतं तेवढ्यावर बांधलं गेलं. भाडं वेळेवर देणाऱ्याला मालक सहज काढू शकेना, आणि कितीतरी कुटुंबांचं छप्पर त्यामुळे टिकलं. पण त्याच कायद्याने पोटभाडेकरू ठेवायला बंदी घातली. लोक तरी राहतच होते. शेवटी सरकारने तारीख ठरवली: 21 मे 1959 च्या आधीपासून जे पोटभाडेकरू आहेत, त्यांना मान्यता.

मग नवी युक्ती निघाली. ‘भाडं’ हा शब्दच कागदावर आणायचा नाही, ‘लीव्ह अँड लायसन्स’ लिहायचं. म्हणजे राहणारा भाडेकरू नाही, त्याला फक्त वापराची परवानगी. हे इतकं वाढलं की 1973 साली कायदा पुन्हा बदलावा लागला. 1 फेब्रुवारी 1973 ला जो लायसन्सवर राहत होता, तो भाडेकरू मानला गेला. त्या एका तारखेने अनेकांची घरं वाचली.

पण मैत्रिणींनो, त्या दुरुस्तीत एक अट होती. जागा ‘एका खोलीपेक्षा कमी’ असता कामा नये. कॉट तर खोलीपेक्षा कमीच! शिवाय लायसन्सवाला कोणाला म्हणायचं, हे सांगताना कायद्याने काही जणांना नाव घेऊन वगळलं: पेइंग गेस्ट, लॉजिंग, होस्टेल, गेस्ट हाउस, धर्मशाळा, अगदी विधवांचं वसतिगृहसुद्धा. ज्या बाईला घर नाही, तिला जिथे आसरा मिळतो, नेमक्या त्याच जागा बाहेर राहिल्या.

पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. नावातून हॉटेल आणि लॉजिंग गेलं, पण वगळलेल्यांची यादी तशीच राहिली. केंद्र सरकारने 2021 साली राज्यांसाठी आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना काढला. त्यातही हॉटेल, लॉजिंग आणि धर्मशाळा वगळल्या आहेत.

यामागे एक विचार होता. पेइंग गेस्ट म्हणजे घरमालकाच्या स्वतःच्या घरात राहणारा पाहुणा. आपल्याच घरातला पाहुणा कायमचा भाडेकरू होऊन बसला तर, ही भीती समजण्यासारखी आहे. पण आज चार मजली इमारतीत प्रत्येक खोलीत चार मुली ठेवायच्या आणि मालक राहणार दुसऱ्याच गावात, याला पाहुणचार कसं म्हणायचं? तो धंदा आहे. धंदा करायला हरकत नाही, पण मग त्याला नियम हवेत: काढायच्या आधी किती दिवसांची नोटीस, डिपॉझिट किती दिवसांत परत, वीज-पाणी तोडता येणार नाही, एवढं तरी.

नियम होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या हातात काय आहे? मुली मिळून अख्खी खोली घेत असतील, तर नोंदणी केलेला करार मागा. 1999 च्या कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि ती न केल्यास त्याला शिक्षाही आहे. पीजी किंवा होस्टेल असेल, तर साध्या कागदावर का होईना, डिपॉझिट, नोटीस आणि जेवणाच्या अटी लिहून सही घ्या. पैसे खात्यातून द्या, पावती जपून ठेवा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. भाड्याच्या कायद्याने वगळलेली राहण्या-जेवणाची सोय ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र ‘सेवा’ म्हणून नाव घेऊन लिहिलेली आहे. तेव्हा पैसे घेऊन सोय दिली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

1975 साली प्रेमा पुरव यांनी मुंबईतल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कोणत्याही कागदावर नसलेल्या त्या बायकांची नावं बँकेच्या कर्जाच्या कागदावर आली, ती एकत्र आल्यामुळे. पुढच्या मासिक बैठकीत आम्ही हा विषय घेणार आहोत. ज्यांच्या मुली बाहेरगावी राहतात, त्यांनी मुलीकडे कोणता कागद आहे ते विचारून या. काहीच नसेल तर तसं सांगा. आपण बसून एक नमुना तयार करू.