एका विमानाची नावे

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे, हा मराठीतील भेद मिग-२१ या लढाऊ विमानाला पुरेपूर लागू पडतो. आमच्या ब्राह्मणपुरीसारख्या खानदेशी गावाला ते सर्वस्वी परके नव्हे. नाशिकजवळ ओझर येथे अशी सहाशेहून अधिक विमाने तयार झाली. त्रिकोणी पंखांवरून रशियनांनी त्याला 'बालालायका' म्हटले. हे त्यांचे तीनकोनी तंतुवाद्य. निमुळत्या धडावरून पोलंडमध्ये ते 'पेन्सिल' झाले. १४ डिसेंबर १९७१ रोजी याच विमानांनी ढाक्याच्या राजभवनावर अग्निबाण डागले आणि पूर्व पाकिस्तानच्या राज्यपालांनी राजीनामा दिला. तेव्हा सर्वत्र कौतुकच होते.

'उडती शवपेटी' हे नाव अपघातांनी दिले. आपल्या घरांतून शवपेटी उचलली जाते. आपल्याला हा शब्द विनोदाचा वाटत नाही. मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी निम्म्याहून अधिक नष्ट झाली व १७१ वैमानिक दगावले, असे २०१२ साली संसदेत सांगण्यात आले. छोट्या पंखांमुळे हे विमान अतिवेगाने उतरवावे लागे, इंजिनही एकच. मधल्या पायरीचे 'हॉक' प्रशिक्षण-विमान २००८ पर्यंत आलेच नाही; संथ विमानावर शिकलेले अनेक तरुण थेट मिगकडे वळत. सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ असेच गेले. दोष वैमानिकावर ठेवला गेला, तेव्हा त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडल्या. आमच्या मते ते टोपणनाव यंत्रापेक्षा त्या दिरंगाईलाच अधिक शोभते.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ निवृत्त झाले. निरोपाच्या बातम्यांतही 'शवपेटी' हा शब्द होताच.