न झालेल्या संघाचा इतिहास : नांदेड-लातूर आणि क्रिकेट

अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या संघांखाली ‘मायनर लीग’ नावाची एक लांबलचक उतरंड आहे. नांदेड-लातूरएवढ्या, कधी त्याहूनही लहान गावाचा पगारी संघ असतो, त्याच्या छातीवर गावाचं नाव असतं आणि लोक तिकीट काढून बघायला जातात. अशा संघांचे इतिहासही लिहिले जातात. आपल्याकडे बेसबॉलची जागा क्रिकेटची. म्हणून आम्ही शोधायला लागलो, की आपल्या भागाचा असा संघ कोणता? तेव्हा कळलं, की आज सांगायचा आहे तो न झालेल्या संघाचा इतिहास.

सुरुवात हैदराबादेतून करावी लागते. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. या राज्यात क्रिकेट होतं, आणि चांगलं होतं. १९३०-३१ मध्ये सिकंदराबादला मोइनुद्दौला गोल्ड कप सुरू झाला. नवाबाच्या नावाची स्पर्धा, पण दर्जा असा की वेस्ट इंडिजचा लिअरी कॉन्स्टंटाइन तिथं येऊन खेळून गेला. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला आणि १९३७-३८ मध्ये हैदराबादनं तो जिंकला. मुंबईत अंतिम सामना, समोर आदल्या वर्षीचा विजेता नवानगर, त्यांच्याकडे अमरसिंग आणि तरुण विनू मांकड. चौथ्या डावात ऐबारानं नाबाद १३७ धावा काढल्या आणि हैदराबाद एका गड्यानं जिंकलं. एका गड्यानं!

आता बघा, कागदावर हा आपला संघ होता. नांदेड त्या संस्थानातला जिल्हा, लातूर तर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. पण संस्थानाचं क्रिकेट हे राजधानीचं, जिमखान्याचं क्रिकेट होतं. नांदेडला रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावरच आली, लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ च्या सुमारास. गाडी होती, मैदान मात्र गाडीच्या दुसऱ्या टोकाला.

खरी गोष्ट घडली ती १ नोव्हेंबर १९५६ ला. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगणा आंध्रकडे, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याकडे. क्रिकेटचा संघ मात्र तुकडे करून वाटता येत नाही. तो राजधानीत राहिला, आणि आपण पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे आलो.

इथं कुणीही विचारेल, मग विदर्भाचा संघ वेगळा कसा? तोही याच राज्यात आला ना? आला, पण येताना आपला संघ घेऊन आला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा संघ रणजीत पहिल्या हंगामापासून होता, तिथं नागपूर होतं. १९५७-५८ पासून विदर्भ त्याच नावानं खेळू लागला. गुजरातेत बडोदा आणि सौराष्ट्र आजही वेगळे खेळतात, ते याच कारणानं. भारतीय क्रिकेटचा नकाशा जुन्या राजधान्यांवरून आखला गेला. मराठवाड्याची राजधानी मराठवाड्यात नव्हतीच. आमच्या मते अन्यायापेक्षा हा भूगोलाचा आणि तारखांचा खेळ आहे. पण त्याची किंमत खेळाडूंनी मोजली, हेही तितकंच खरं.

ती किंमत कशी? नांदेडहून पुणे सुमारे साडेचारशे किलोमीटर. निवड चाचणीला जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि सकाळी नेटमध्ये चार चेंडू खेळायला मिळणार. हैदराबाद खरं तर जवळ होतं, पण आता ते परराज्य. विदर्भानं मात्र २०१७-१८, २०१८-१९ आणि पुन्हा २०२४-२५ ला रणजी जिंकला. आपला संघ असला की किती लांब जाता येतं, ते दिसलंच.

खेळाडू आपल्याकडे नव्हते असं नाही. बीडला जन्मलेला संजय बांगर रणजी खेळला तो रेल्वेकडून, आणि २००२ ला हेडिंग्लेच्या अवघड खेळपट्टीवर सलामीला येऊन ६८ धावा करून गेला. औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी २००१ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. जालन्याच्या विजय झोलनं २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालील सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. ही नावं वाचताना एक गोष्ट खटकते : यात नांदेड नाही, लातूर नाही. आमचा अंदाज असा, की पुण्याकडे जाणाऱ्या वाटेवर हे दोन जिल्हे मराठवाड्यातही टोकाचे पडतात.

२०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. सहा संघ, त्यात एक छत्रपती संभाजी किंग्ज. मराठवाड्याच्या नावाला जवळचा, पगारी, टीव्हीवर दिसणारा संघ. मायनर लीगशी तुलना करायची तर हीच. सामने मात्र सगळे पुण्याजवळ गहुंज्याला झाले. नांदेडच्या माणसाला ते बघायचे तर पुन्हा तीच रात्रीची गाडी.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.