उलटा अर्धा फेरा

मिरजेला आमच्या घरी रेकॉर्डला हात लावायची मुभा फक्त आजोबांना. आम्ही पोरांनी लांबून बघायचं. अमेरिकेत एमआयटीत शिकायला गेलो, तेव्हा वॉकर मेमोरियलच्या तळघरातल्या डब्ल्यूएमबीआर या कॉलेज रेडिओवर पहिल्याच दिवशी एक सीनियर मुलगी म्हणाली, "लाव बोट. आता उलटी फिरव."

माझ्या अंगावर काटा आला.

पण रीतच ती. सुई टेकवायची, पहिला सूर कानी आला की रेकॉर्ड हातानं अर्धा फेरा मागं न्यायची. खालची थाळी फिरत असते, वर रेकॉर्ड बोटानं धरून ठेवायची. मध्ये जाड कापडाची गोल चकती. निवेदन संपलं की बोट उचलायचं, गाणं लगेच सुरू. टेक्निक्सच्या एसएल-१२०० वर हे जमतं, कारण १९७२ पासूनच्या या यंत्रात पट्टा नाही. मोटर थेट थाळीच्या खाली, थाळी फिरत राहते.

स्टेशन १९४६ चं. सुरुवातीला कार्यक्रम वसतिगृहांच्या विजेच्या तारांतून जात. १९६१ मध्ये एफएम मिळालं. तेव्हा नाव होतं डब्ल्यूटीबीएस. १९७९ मध्ये टेड टर्नर यांना आपल्या टीव्ही वाहिनीसाठी ती अक्षरं हवी होती. अक्षरं विकता येत नव्हती, म्हणून त्यांनी ५०,००० डॉलरची 'देणगी' दिली. चार अक्षरांपोटी एवढी वर्गणी आमच्या मिरजेच्या कुठल्या गणेश मंडळालाही मिळाली नसेल! डब्ल्यूएमबीआर या नव्या नावातला 'बी' म्हणजे बेसमेंट, तळघरच.

सीडी आल्यावर व्यापारी स्टेशनांनी रेकॉर्डी काढून टाकल्या. त्यांना ठरलेली गाणीच पुन्हापुन्हा वाजवायची होती. कॉलेजवाल्यांचं तसं नव्हतं. रेकॉर्ड कंपन्यांनी वर्षानुवर्षं फुकट पाठवलेला माल कपाटांत होता, आणि चिल्लर कंपन्यांनी काढलेल्या कितीतरी सात इंची रेकॉर्डी सीडीवर कधी आल्याच नाहीत. ते गाणं हवं तर सुईच टेकवायला हवी. (लोक याला हौस म्हणतात. मला तो निव्वळ हिशेब वाटतो.) सुई टेकवायचं यंत्रही मध्ये बंद झालं होतं: २०१० मध्ये एसएल-१२०० चं उत्पादन थांबलं, २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं.

उलट्या फेऱ्यांनी गाण्याचा आरंभ झिजतो, खरखरतो. कपाटातली रेकॉर्ड लावली की त्या खरखरीवरून कळायचं, आधीच्या पोरांचा जीव कुठल्या गाण्यावर होता.

मी एकदा तेहतीसच्या वेगाची रेकॉर्ड पंचेचाळीसवर लावली. एका श्रोत्याचा फोन आला: गायिका कोण? गाणारा बाप्या होता.