जुन्या जीपला ओव्हरड्राइव्ह : बसवण्याआधी हे वाचा

जुनी पेट्रोल जीप चिखलात आणि चढाला भारी. पण हायवेला लागली की इंजिन नुसतं ओरडतं. टॉप गिअर पडलेला असतो, पुढचा टाकायला गिअरच नसतो. अशा गाडीला काही हौशी मालक ओव्हरड्राइव्ह बसवतात.

इंजिन का ओरडतं?

विलिस कंपनीची सीजे-३बी, म्हणजे आपल्याकडची हाय बोनेट जीप, १९५३ साली आली. महिंद्रने ती भारतात अनेक वर्षे बनवली. मूळ गाडीला २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि तीनच गिअर. डिफरेन्शियलचं प्रमाण ५.३८. म्हणजे टॉप गिअरमध्येही चाक एकदा फिरायला इंजिनाला पाचाहून जास्त फेरे मारावे लागतात. ६.००-१६ टायरवर ताशी ६० किमीला इंजिन मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेतं, ८० ला सुमारे ३,२००.

ओव्हरड्राइव्ह काय करतो?

हा गिअरचा लहानसा जादा डबा असतो. जीपमध्ये तो ट्रान्सफर केसच्या मागे, पीटीओ लागतो त्या जागी बसतो. मागचं झाकण आणि आतला गिअर काढून तिथे हे युनिट बसतं. चेसिस कापावी लागत नाही. अमेरिकेतल्या वॉर्न कंपनीचं युनिट त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याने इंजिनाचे फेरे सुमारे पाव हिस्सा कमी होतात. ६० च्या वेगाला २,४०० ऐवजी १,८००. आवाज आणि इंजिनाची झीज कमी होते.

मात्र फेरे कमी झाले की ओढही कमी होते. म्हणून घाटात, लोड असताना किंवा शेतात ओव्हरड्राइव्ह बंदच ठेवायचा.

डिफरेन्शियल बदललं तर?

तोही मार्ग आहे. पण मग पहिल्या गिअरची ओढही कायमची कमी होते. शिवाय फोर व्हील गाडीत पुढचं आणि मागचं दोन्ही बदलावं लागतं. ओव्हरड्राइव्ह हवा तेव्हा टाकता येतो, नको तेव्हा काढता येतो.

आधी हे तपासा

- इंजिनाचं कॉम्प्रेशन. दमलेलं इंजिन ओव्हरड्राइव्हमध्ये गाडी ओढणार नाही.
- ब्रेक. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत. गाडी आरामात पळू लागली तरी थांबणार त्याच ब्रेकवर.
- गिअरचे दात. जीपच्या सालाप्रमाणे ते बदलतात. मोजल्याशिवाय युनिट मागवू नका.
- पीटीओ. जागा एकच असल्याने दोन्ही एकदम बसत नाहीत.
- ऑइल. गळती असेल तर आधी सील बदला. ऑइल कमी पडलं तर युनिट लवकर खराब होतं.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीची 'व्हिंटेज' नोंदणी होते, पण चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. त्यामुळे मेस्त्रीकडे जाण्याआधी आरटीओत लेखी विचारून घ्यावं आणि काढलेले मूळ सुटे भाग जपून ठेवावेत.